पंपात तेल नाही, डेपोत भरपूर : पेट्रोलची टंचाई होते कशी आणि शंभराचं तेल टाकणाऱ्यानं काय करायचं?

धाराशिव : २०२४ सालाचा पहिलाच दिवस, सोमवार. सकाळी मोबाईलवर मेसेज फिरले की टँकरवाले संपावर गेले, पेट्रोल तीन दिवस मिळणार नाही. दुपारपर्यंत पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या. दुसऱ्या दिवशी राज्यात ठिकठिकाणी पंपाच्या मशीनला दोरी बांधून 'पेट्रोल शिल्लक नाही'ची पाटी लागली. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडं तेच चित्र. हैदराबादेत तर जेवण पोचवणारा एक पोरगा रांगेत थांबून कंटाळला आणि घोड्यावर बसून डिलिव्हरीला निघाला. तो व्हिडिओ आपल्याकडंही घरोघर बघितला गेला.

२ तारखेच्या रात्री संप मिटला. तीन-चार दिवसांत सगळं सुरळीत झालं आणि लोक विसरलेही. पण अशी वेळ पुन्हा येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी 'पंप बंद' असा मेसेज येतो आणि लोक गाडी काढून पळतात. म्हणून त्या दोन दिवसांत नेमकं काय झालं होतं, हे नीट समजून घेतलेलं बरं. आपल्या जिल्ह्यात रेल्वे थोड्या गावांना, एसटी दिवसातून दोन-चारदा आणि शेत गावापासून दोन-तीन किलोमीटर. दुचाकी थांबली की माणूसच थांबतो.

पेट्रोल आपल्यापर्यंत येतं कसं

आपल्या जिल्ह्यात तेलाची विहीर नाही, शुद्धीकरण कारखाना नाही, मोठा साठाही नाही. आपल्या भागातल्या पंपांना माल येतो तो मुख्यतः सोलापूरजवळच्या पाकणी डेपोतून. सोलापूर-पुणे रस्त्यानं जाताना तिथल्या मोठमोठ्या पांढऱ्या टाक्या अनेकांनी बघितल्या असतील. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन या पाकणीपर्यंत येते. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाला तेल देणारं दुसरं ठिकाण म्हणजे मनमाडजवळचं पानेवाडी. तिथंही कंपन्यांचे डेपो आहेत.

म्हणजे मुंबईपासून पाकणीपर्यंत तेल नळातून येतं. त्याला ड्रायव्हर लागत नाही. पाकणीपासून तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र रस्त्याचा. तो टँकरचा आणि टँकर चालवणाऱ्या माणसाचा.

जानेवारी २०२४ मध्ये डेपोतलं तेल संपलं नव्हतं. परदेशातून येणारं कच्चं तेल थांबलं नव्हतं, कारखाने चालू होते, पाइपलाइन चालू होती. बंद होता फक्त हा शेवटचा टप्पा. तेल होतं, आणणारा नव्हता. पानेवाडीला प्रशासनानं चालकांशी बोलणी केली, पोलीस बंदोबस्तात टँकर बाहेर काढले, तेव्हा पंपांवर माल पोचायला सुरुवात झाली.

पंप एका दिवसात कोरडा कसा पडला

लोकांना वाटतं पंपाखाली तेलाचा समुद्र असतो. तसं नसतं. गावाकडच्या पंपाची जमिनीखालची टाकी साधारण वीस हजार लिटरची असते आणि ती कायम भरलेली नसते. कारण पैसा. पंपवाल्याला आधी पैसे भरावे लागतात, मग टँकर भरला जातो. बारा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे २०२५ च्या भावानं बारा लाखांच्या आसपास रक्कम. ज्या वर्षी बाजारात पैसा नाही, त्या वर्षी लहान पंपवालाही हात राखूनच माल मागवतो. टाकी उतरली की मगच पुढची मागणी.

त्यात १ जानेवारीच्या आदल्या दिवशी रविवार. रविवारी डेपोतून सहसा माल निघत नाही. म्हणजे सोमवारी सकाळी बरेच पंप आधीच अर्धेमुर्धे रिकामे होते.

आता एक हिशोब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेत, कुठल्या एका पंपाचे नाहीत. समजा पंपात सहा हजार लिटर पेट्रोल शिल्लक आहे. रोज सहाशे मोटारसायकली येतात. गावाकडं फुल्ल टाकी कुणी करत नाही. शंभराचं टाकतात, पन्नासचंही टाकतात. म्हणजे गाडीमागं सरासरी एक लिटरसुद्धा नाही. सहाशे गाड्यांचं सहाशे लिटर, वर चारचाकींचं आठ-नऊशे. दिवसाला दीड हजार लिटर गेलं. सहा हजार लिटर चार दिवस पुरलं असतं, आणि संप तर दोनच दिवसांत मिटला.

पण मेसेज आला. तीच सहाशे माणसं आली आणि म्हणाली, फुल्ल कर. साध्या गाडीच्या टाकीत नऊ-दहा लिटर बसतं. प्रत्येकानं सात लिटर घेतलं तरी सहाशे गाड्यांचं बेचाळीसशे लिटर झालं. चारचाकीवाल्यांनीही टाक्या भरल्या. दिवस मावळायच्या आत पंप कोरडा.

यात जास्तीचं पेट्रोल कुणी जाळलं का? नाही. पंपाखालच्या एका मोठ्या टाकीतलं तेल सहाशे लहान टाक्यांत गेलं, एवढंच झालं. त्यातल्या निम्म्या गाड्या पुढचे चार दिवस दारात उभ्या होत्या. टंचाईचा पहिला दिवस असा आपणच तयार केलेला असतो. संप दुसऱ्या दिवसापासून जाणवतो.

मार बसतो शंभराचं टाकणाऱ्याला

या सगळ्यात हाल कुणाचे होतात ते बघा. ज्याच्या खिशात हजार रुपये होते त्यानं पहिल्याच दिवशी टाकी भरली. ज्याच्याकडं शंभरच होते त्यानं शंभराचंच टाकलं, कारण त्याला दुसरा मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पंपावर आला तेव्हा मशीनला दोरी बांधलेली होती.

ते वर्षही कसं होतं ते आठवा. पावसानं दगा दिला होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारनं राज्यातल्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ६०० रुपये क्विंटल होता आणि बाजारातला भाव त्याच्याच आसपास घुटमळत होता. उतारा निम्म्यावर आला, मग त्या भावाला तरी काय चाटायचं? पुढच्या हंगामात हमीभाव ४ हजार ८९२ झाला, २०२५ च्या हंगामात ५ हजार ३२८ झाला. बाजार मात्र त्याच्या खालीच राहिला. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडं पुरानं उभी पिकं आणि माती दोन्ही नेली. अशा वेळी घरातली मोटारसायकल हा चैनीचा खर्च राहत नाही, तरी कपात करताना पहिली नजर तिच्यावरच जाते.

२०२५ मध्ये आपल्याकडं पेट्रोल लिटरला १०५ रुपयांच्या आसपास होतं. त्या भावानं शंभर रुपयांत ९५० मिलीच्या आसपास येतं. गाडी लिटरला ५५ किलोमीटर पळते असं धरलं तर किलोमीटरला जवळजवळ दोन रुपये पडतात. गावापासून तालुका २५ किलोमीटर असला तर जाऊन येऊन पन्नास किलोमीटर, म्हणजे शंभराची नोट संपली. भूम-वाशीकडून खवा घेऊन निघणारा, डेअरीला कॅन लावून दूध घालणारा, एमआयडीसीत बारा-चौदा हजारांवर कामाला जाणारा, यांचा हा रोजचा हिशोब आहे. दूधवाल्याची गाडी एक दिवस थांबली तर दूध थांबत नाही, म्हैस पिळावीच लागते. खव्याची भट्टी पेटवली की माल त्याच दिवशी हलवावा लागतो. टंचाईत 'दोन दिवस घरी बसू' हे ज्याला परवडतं त्यालाच म्हणता येतं.

उमरगा भागातल्या लोकांची गोष्ट थोडी वेगळी. कर्नाटकात पेट्रोल काही रुपयांनी स्वस्त असल्यानं सीमेवरची गावं तसंही पलीकडं टाकी भरून येतात. पण तो संप देशभरातल्या वाहतूकदारांचा होता, पलीकडच्या पंपावर भरवसा ठेवूनही चालण्यासारखं नव्हतं.

संप होता कशाचा

हे थोडक्यात. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. तिच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात असं आहे की बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात निष्काळजीपणानं मृत्यूला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. चालकांचं म्हणणं असं की अपघाताच्या जागी थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही आणि पळालो तर दहा वर्षं. सात लाखांच्या दंडाचा जो मेसेज फिरत होता, तो आकडा मात्र कायद्यात कुठंही नाही.

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून सांगितलं की हे कलम लागू करण्याआधी चर्चा करू. पुढं १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, त्यातून हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. म्हणजे मूळ वाद अजून शिल्लक आहे.

दुचाकीवाल्यानं इथं दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. ठोकर मारून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये सरकारी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम वाढवलेली आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो. आपल्याकडं अनेक घरांना हे माहितीच नसतं.

बाटलीत पेट्रोल : कायदा काय म्हणतो

टंचाईची चाहूल लागली की लोक पाण्याच्या बाटल्या, तेलाचे प्लास्टिकचे कॅन घेऊन पंपावर येतात. पंपवाला नाही म्हणाला की भांडण. यात पंपवाल्याचा हट्ट नाही, नियमच तसा आहे.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त तीस लिटर जवळ ठेवता येतं. पण कशात, तेही लिहिलेलं आहे. काच किंवा चिनीमातीचं भांडं असेल तर एक लिटरपर्यंतचं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचं, आणि दोन्हींचं तोंड घट्ट बंद. प्लास्टिकचं नाव त्यात नाही. गाडीच्या स्वतःच्या टाकीतलं तेल यात धरलं जात नाही.

फवारणीचा पेट्रोल पंप, गवत कापायचं मशीन यासाठी शेतकऱ्याला सुटं पेट्रोल लागतंच. त्यानं झाकणाचा पत्र्याचा डबा वापरावा आणि तो काठोकाठ भरू नये. उन्हात पेट्रोल फुगतं, वाफ धरतं. डबा घरात चुलीजवळ, देवघराजवळ, कडब्याच्या गंजीजवळ नको. एसटीत तर अजिबात नेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत लांबच्या दिव्यापर्यंत, विडीपर्यंत पोचते. भडका नंतर उडतो, डबा कुठं ठेवला होता ते मग आठवतं.

डिझेलचं वेगळं आहे. ते लवकर पेट घेत नाही, म्हणून कायद्यानं परवान्याशिवाय अडीच हजार लिटरपर्यंत सूट दिलेली आहे, फक्त एकेक भांडं हजार लिटरच्या वर नको. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये डिझेल मिळतं आणि पेट्रोल मिळत नाही, त्याचं कारण हे.

आणि टपरीवर दीडशे रुपयांना विकली जाणारी बाटली? ती सूट 'विक्रीसाठी नसलेल्या' पेट्रोललाच आहे. विकायला एक लिटर ठेवलं तरी परवाना लागतो. घेणाऱ्याचं नुकसान वेगळंच. त्यात काय मिसळलंय हे त्याला कळत नाही, मापही बाटलीवाल्याच्या मनाचं.

टाकी तळाला गेली की गाडीत काय होतं

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना टाकीखाली नळ असतो. गाडी खोकली की नळ रिझर्व्हला फिरवायचा. लिटर-सव्वा लिटर तेल निघतं आणि चाळीस-पन्नास किलोमीटर सहज जाता येतं. तेही संपलं की लोक गाडी एका बाजूला आडवी करून हलवतात. त्यामागं कारण आहे. टाकी मधून पोकळ, घोड्याच्या खोगिरासारखी असते. नळ एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला थोडं तेल अडकून राहतं. गाडी वाकवली की ते इकडं येतं.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत हा खेळ चालत नाही. त्यात नळ नाही, रिझर्व्ह नाही. टाकीच्या आत विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो तेलात बुडालेला असतो आणि तेलानंच थंड राहतो. टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी पळवली की पंप तापतो. असं वारंवार झालं तर पंप जातो आणि त्याचा खर्च हजारांत आहे. शंभराच्या तेलासाठी केलेली ओढाताण तिथं अंगलट येते. नवीन गाडी असेल तर काटा शेवटच्या खुणेवर आला की तेल टाकावंच. पन्नासचं का होईना.

टंचाईत दुसरा मोह होतो मिसळायचा. पूर्वी पेट्रोलमध्ये रॉकेल घालायचे. आता रेशनचं रॉकेल जवळजवळ बंदच झालंय, तर कुणी डिझेल घालतो. गाडी चालू होते, धूर ओकत चार-आठ दिवस चालतेही. नंतर प्लग काळा पडतो, इंजेक्टर चोंदतो, इंजिन ठोकायला लागतं. असलं मिसळलेलं तेल गाडीत जाऊच द्यायचं नाही.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, उसापासून आणि मक्यापासून काढलेलं. आपलाच ऊस आपल्या गाडीत जळतो म्हणायला हरकत नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी. नीती आयोगाच्या अहवालात जुन्या दुचाकीचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी उतरेल असं म्हटलं होतं. शंभर किलोमीटरला तीन-चार किलोमीटर कमी. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसात टाकीच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल आणि पाणी आत गेलं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात आणि गाडी बंद पडते. म्हणून दहा-वीस लिटर पेट्रोल डब्यात महिनोन् महिने साठवून ठेवण्यातही राम नाही.

आहे त्या तेलात जास्त अंतर

युट्यूबवर सत्तरचं अॅव्हरेज नव्वद करणाऱ्या पुड्या, चुंबकं, नळ्या विकतात. त्या नादाला न लागलेलं बरं. खरा फरक साध्या गोष्टींनी पडतो.

पहिली गोष्ट हवा. आपल्याकडं टायर बसलेलं दिसेपर्यंत हवा कुणी भरत नाही. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढं २५ आणि मागं २८ च्या आसपास हवा लागते, डबलसीट किंवा दुधाचे कॅन असतील तर मागं जास्त. नेमका आकडा चेनकव्हरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो. हवा कमी असली की गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते.

वेग चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवायचा. साठ-सत्तरच्या पुढं इंजिनाची निम्मी ताकद वारा कापण्यातच जाते. एअर फिल्टर आपल्या धुळीच्या रस्त्यांवर पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच चोंदतो, तो बघून घ्यायचा. चेन ढिली किंवा कोरडी नको. क्लचवर बोट ठेवून गाडी चालवायची सवय अनेकांना आहे, त्यात तेलही जातं आणि क्लचप्लेटही.

घाट उतरताना गाडी बंद करून सोडून द्यायची सवय मात्र वाईट. तुळजापूरचा घाट उतरताना अशी बंद गाडी सुसाट सोडणारे दिसतात. नवीन इंजेक्शनच्या गाडीत त्याचा फायदाही नाही, कारण गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर सोडला की गाडी स्वतःच तेल तोडते. इंजिनाचा ब्रेक गेला की सगळा भार साध्या ब्रेकवर येतो, आणि समोरून उसाची ट्रॉली आली तर मग तेल वाचवून काय करणार?

सगळ्यात जास्त बचत होते ती फेरी वाचवण्यात. बाजार, बँक, खत आणि दवाखाना यांना चार फेऱ्या होतात, त्या एका दिवसात बसवता येतात. शेजारच्या दोघांनी एकाच गाडीवर जायचं. तालुक्याच्या कामाला एसटी आहे, महिलांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत. आगारांना डिझेलचा स्वतःचा पंप असतो, म्हणून गावातला पंप कोरडा पडला तरी एसटी लगेच थांबत नाही. शेतात मात्र ती नेऊन सोडत नाही, हेही खरं.

इतरांनी वाटणी कशी केली

चंडीगडच्या प्रशासनानं त्याच संपात, २ जानेवारी २०२४ रोजी, दुचाकीला जास्तीत जास्त दोन लिटर किंवा दोनशे रुपये आणि चारचाकीला पाच लिटर किंवा पाचशे रुपये अशी मर्यादा लावली होती. त्रिपुरात मे २०२४ मध्ये आसामकडून येणारी रेल्वे दरड कोसळल्यानं अडली, तेव्हा तिथंही दुचाकीला दिवसाला दोनशे रुपयांचंच पेट्रोल दिलं गेलं.

सगळ्यात मोठं उदाहरण श्रीलंकेचं. २०२२ साली तिथं परदेशी चलन संपलं, तेलाचं जहाज सोडवायला डॉलर नव्हते. लोक पंपावर दिवसेंदिवस रांगेत, रात्री गाडीवरच झोपायचे. जूनअखेरीस सरकारनं काही दिवस फक्त अत्यावश्यक सेवांनाच तेल दिलं. मग क्यूआर कोडचा पास आणला. एका गाडीला एक पास, मोटारसायकलला आठवड्याला चार लिटर, रिक्षाला पाच, मोटारीला वीस. गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा बघून वार ठरवले. चार लिटर म्हणजे आपल्या हिशोबानं दोनशे किलोमीटर. कमी होतं, पण मिळणार हे ठरलेलं होतं, आणि तिथल्या रांगा त्यानंच आटोक्यात आल्या. पुढं कोटा वाढत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पास बंद झाला.

ही वाटणी शंभराचं टाकणाऱ्याच्या सोयीची आहे. फुल्ल टाकीवाल्याला ती टोचते. पहिल्याच दिवशी गाडीमागं दोनशे रुपयांची मर्यादा लागली असती, तर वरच्या हिशोबातला पंप संप मिटेपर्यंत तगला असता. सहाशे गाड्यांना दोन लिटरनं बाराशे लिटर जातं. चारचाकींनाही लगाम लावला, तर सहा हजार लिटर दोन दिवस ओढता येतं, आणि दूधवाल्यालाही त्याचं मिळतं.

पेट्रोल-डिझेल हे १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यात येतात. त्यामुळं तालुक्याला तहसीलचा पुरवठा विभाग आणि जिल्ह्याला जिल्हा पुरवठा अधिकारी हे यातले विचारायचे अधिकारी. रुग्णवाहिकेसाठी, पाणीपुरवठ्याच्या टँकरसाठी पंपावर काही साठा राखून ठेवायला प्रशासन सांगू शकतं. टंचाईत रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली आणि गाडीत तेल नसेल तर १०८ ला फोन करावा, बाळंतपणासाठी १०२.

माल परत आल्यावर एक गोष्ट बघायची राहून जाते. टाकी तळापर्यंत उपसली गेलेली असते आणि तळाचा गाळ, पाणी वर येण्याची शक्यता असते. संशय आला तर पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. चांगलं पेट्रोल उडून जातं आणि डाग राहत नाही, भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवायला सांगता येतं. पाच लिटरला पंचवीस मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याच्या वरचा बसत नाही. हे दोन्ही फुकट आहे आणि ते मागणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे, शंभराचं टाकणाऱ्याचासुद्धा.